डोमाजीकाकांचा पापड

डोमाजीकाका कोणाच्याही घरी गेले की पाण्याआधी पापड मागत. भाजलेला, मुगाचा. पण खात नसत. तो मांडणीवर ठेवायचा, अर्धा तास इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मग उठून पापड दोन बोटांत धरून वाकवायचा. कटकन मोडला तर "घर चांगलं हाय" म्हणून ते चहाला बसत. वाकला तर चहा राहिला बाजूला. "ओल हाय गा," असं म्हणून धोतर खोचत, आणि मग त्या घराची धडगत नसे.

नागपूरच्या उन्हाळ्यात ओल कुठली, असं परगावच्या माणसाला वाटेल. पण दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायचं म्हटलं, की बाहेर भट्टी आणि आत विहीर. दारं फुगतात, पेटीतल्या कपड्यांना बुरशी येते. काकांना हे बघवत नसे. "गारवा पाह्यजे तर झाडाखाली बस ना. घराले काहून भिजवून राहिला?"

त्यांचे उपाय ठरलेले. कपाटात मडक्यात कळीचा चुना, पेट्या विटांवर, आत कडुनिंबाचा पाला, खिडक्या पहाटे उघड्या नि नऊला बंद. यातलं एकही चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. एकदा इतवारीतल्या एका लग्नात भर पंगतीत त्यांच्या पानावरचा पापड वाकला. ते उष्ट्या हाताने उठून सरळ कोठीघरात गेले. पाझरत्या भिंतीला टेकवलेली तांदळाची तीन पोती त्यांनी शोधून काढली खरी, पण तोवर सगळी पंगत हात थांबवून बसली होती आणि नवरदेवाचा मामा तांबडालाल झाला होता. तेव्हापासून आमच्या गल्लीत काका दिसले की एका दारातून दुसऱ्या दारात निरोप जाई, "डोमाजी येऊन राह्यले. पापडाचा डबा लपव वं."

काका जातीचे विणकर. आमचं नि त्यांचं घर एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. ही गोष्ट घडली त्याच्या दोन वर्षं आधी त्यांची बायको, भागाकाकू, वारल्या, तेव्हापासून त्यांचा माग बंद होता आणि ते एका कापडाच्या दुकानात कापड मोजायला जात. मूलबाळ नव्हतं. माझा बाप लकडगंजात लाकडाच्या वखारीत आरा ओढायचा. अशा घरातून मी बी. ए. झालो. सात पिढ्यांत पहिला. हे मी लपवत नाही आणि लपवणारही नाही. डिग्री हातात आली त्या दिवशी बाबांनी सागवानाची एक फळी निवडून स्वतः चौकट केली, काच बसवली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला उघड्या दारातून दिसेल अशी ती समोरच्या भिंतीवर टांगली. बाबांना वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठं लिहिलंय तेवढं त्यांनी मला विचारून घेतलं होतं. रोज सकाळी काच धोतराच्या सोग्याने पुसायची आणि त्या जागी बोट ठेवायचं, हा त्यांचा नेम.

त्या वर्षी मी मास्तर म्हणून लागलो होतो. पहिल्या उन्हाळ्यात थोडा रुबाब म्हणून एक वाळ्याची ताटी घेतली. वैशाखात एका सकाळी बाबा म्हणाले, "बापू, काचेच्या आत हे पिवळं काय हाय गा?"

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात डाग होता. चार दिवसांत तो वर चढला. बाबा दोन बोटं लावून मोजत. "नावाकडं सरकून राह्यला," एवढंच बोलत.

काकांना मीच बोलावलं. पापड झाला. वाकला. काकांनी भिंतीला उलटा हात लावला, आणि ती पाचही बोटं तिथंच बराच वेळ राहिली. मग म्हणाले, "ताटी काढ."

ताटी काढली. आठ दिवस आम्ही घरात भाजून निघालो. आई पदराने वारा घेत म्हणायची, "बी. ए. करून हे सुख मिळालं मले." काका रोज येत. भिंतीपाशी शेगडी ठेव, चुना ठेव, डिग्रीमागं कोळशाची पुरचुंडी बांध. माझ्याकडे मात्र बघत नसत. पापड रोज वाकत होता आणि डाग नावापासून दोन बोटांवर आला होता. दुसऱ्या भिंतीचं मी सुचवून पाहिलं. बाबा म्हणाले, "तिकडं लावली तर दारातून दिसत नाई."

नवव्या दिवशी दुपारी मी डिग्रीखाली, काकांच्या नि आमच्या मधल्या भिंतीला टेकून बसलो होतो. सुट्ट्या होत्या. भिंतीपलीकडून पाणी शिंपडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मी उठलो आणि तसाच काकांच्या घरात शिरलो.

मागच्या खोलीत मागाचा खड्डा होता. खड्ड्यात पाणी शिंपडलेलं, भिंतीला ओली पोती टांगलेली. भिंतीचे पोपडे निघून विटा दिसत होत्या. कोपऱ्यात बुरशी. साऱ्या गल्लीची ओल काढणारा माणूस हातात तांब्या घेऊन उभा होता. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं आणि पुढचा ताणा, न विणलेले उभे धागे, तसाच ताणलेला.

"काका, हे काय?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ताणा सुकला का तटातट तुटते गा. या उन्हात एक दिवस नाई टिकत."

"तुम्हाला ठाऊक होतं, भिंत कशानं ओली ते?"

"हात लावला तवाच." मग ते मागापाशी वाकले. जुन्या ताण्याच्या टोकांना नवा धागा जोडला होता तिथं त्यांनी बोट नेलं, पण लावलं नाही. "हे सांधे तिचे हायेत. बोटाले राख लावून एकेक धागा पिळला तिनं. तीन दिवस बसली होती. मंग तापानं पडली."

"मग विणून टाका ना. लुगडं तरी होईल."

"विणलं का सांध्यापाशी कापा लागते," काका म्हणाले.

मला भांडायचं होतं. शब्द तयार करून आलो होतो. मी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला आणि घरी आलो.

बाबांना सगळं सांगितलं. स्टुलावर चढून त्यांनी डिग्री उतरवली आणि आतल्या भिंतीवर लावली, जिथं ती घरात आल्याशिवाय दिसत नाही.

संध्याकाळी काका आले. नेहमीच्या जागी बसले, रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. पापड मागितला नाही. तेव्हा मीच आईला एक भाजायला सांगितला आणि मांडणीवर ठेवला. अर्धा तास आम्ही उन्हाचं बोललो. मग काका उठले, पापड घेतला, वाकवला. तो फडक्यासारखा दुमडला.

"काय म्हणते पापड?" बाबांनी विचारलं.

काकांनी पापडाची घडी उलगडून पाहिली.

"कोरडा हाय," बाबाच म्हणाले. "खाऊन टाक."

काकांनी पापड तोंडात घातला. नरम पापड चावायला वेळ लागतो. आम्ही तिघंही थांबलो, आणि मग आईने चहा ठेवला.