चुकीला एक उठाबशी

डॉक्टरांनी कानातली नळी काढली आणि माझ्याऐवजी माझ्या पोटाकडे बघत ते म्हणाले, "रोज व्यायाम करा. नाहीतर पुढचं मी सांगू शकत नाही." सोबत माझी तिसरीतली मुलगी होती. (तिला ठेवणार कुठे?) ती भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

पण व्यायामाला वेळ आणायचा कुठून? सकाळी तिची वेणी, डबा, शाळा. दिवसभर ऑफिसात खुर्ची. आमच्याकडे उठून उभं राहायची वेळ फक्त साहेब आल्यावर येते, आणि साहेब सहसा येत नाहीत. बायको नर्स, तिची ड्यूटी संध्याकाळची. म्हणजे अभ्यास, जेवण, झोपवणं सगळं माझ्याकडे.

एकदा पाढे घेताना मला युक्ती सुचली. (एरवी मी अशा युक्त्या आधी बायकोला सांगतो आणि मग सोडून देतो. त्या वेळी ती कामावर होती.)

"हे बघ," मी मुलीला म्हणालो, "तू चुकलीस की मी एक उठाबशी काढणार."

तिचे पाढे पक्के होते. माझ्या योजनेतला हाच भाग मला सगळ्यात आवडला होता.

पहिल्या दिवशी ती जेमतेम एकदा चुकली. मग चुका वाढत गेल्या. सात अडलं, सहा अडलं, शेवटी पाचाचा पाढासुद्धा येईना. मी कठडा धरून ऑफिसचा जिना चढू लागलो.

"अहो, पायांना काय झालंय?" बायकोने विचारलं.

"पोरीचं गणित झालंय," मी कण्हत म्हणालो.

खरं सांगतो, पायांपेक्षा ते जास्त दुखत होतं. एवढी हुशार पोर, आणि डोकं नेमकं माझ्यावर जावं!

शेवटी मी शाळेत चिठ्ठी पाठवली, तर तिथून बोलावणंच आलं. वर्गशिक्षिका गंभीर होत्या. "वर्गात ती सगळं बरोबर सांगते. तुम्ही मात्र चिठ्ठी पाठवलीत की तिला काहीच येत नाही. घरी काही ताण आहे का?"

"तुम्हीच विचारून बघा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या शेजारी उभ्या मुलीला विचारलं, "बाळ, आठ सत्ते?"

मुलीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चोपन्न."

मी सवयीने खुर्चीतून उठलो, कान धरले आणि एक उठाबशी काढली. बाई बघतच राहिल्या.

"आठ सत्ते छप्पन्न, मला येतं," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली. "पण मी बरोबर सांगितलं की बाबा नुसता बसून राहतो. आणि डॉक्टरकाका म्हणाले, व्यायाम केला नाही तर पुढचं सांगता येत नाही. पुढचं म्हणजे काय, ते मला माहितेय."

एवढीशी पोर, आणि माझ्या जिवासाठी रोज संध्याकाळी मुद्दाम मठ्ठ होत होती. मी तिला जवळ घेतलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आजपासून उत्तर बरोबर आलं की उठाबशी."

त्या संध्याकाळी पोरीने बेपासून सुरुवात केली ती थांबेचना. मी धापा टाकत म्हणालो, "अगं, एखादं तरी चूक!"

"नाही चुकणार," ती म्हणाली. "खाली बस. आता वर."

मध्ये काही महिने गेले. डॉक्टरांनी तपासलं, वजन पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून हसले. "छान! हृदय उत्तम चाललंय. मनावर घेतलंत तुम्ही!"

मी छाती फुगवून काहीतरी नम्र बोलणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "तो नाही घेत. मी करून घेते. मी पाणी प्यायला गेले की तो सोफ्यावर आडवा होतो."

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं, पुढच्या सगळ्या सूचना तिलाच नीट समजावून सांगितल्या, आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."