मुहूर्ताचा ठोका

बद्रीनाथ महिनाभर स्वतःच्या घरात झोपला नव्हता. यात घरच्या भांडणाचा काही संबंध नव्हता, संबंध रानडुकरांचा होता. आष्टीच्या शिवारात त्याच्या उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि ही बातमी डुकरांना त्याच्याआधी कळली होती. त्यामुळे रोज जेवण झालं की बद्रीनाथ तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी घेऊन शेतात जायचा आणि उजाडेपर्यंत डबा बडवायचा. दिवसा तो मिळेल तिथे झोपायचा. एकदा सोसायटीच्या बैठकीत त्याने झोपेत मान टाकली, ती होकारार्थी समजली गेली आणि ठराव मंजूर झाला.

शेवटी त्याने कुंपण करायचं ठरवलं. मजूर लावून खड्डे खणायचे म्हटलं तर तोवर भुईमूग डुकरांच्या पोटात गेला असता. म्हणून त्याने मिथुनला गाठलं. मिथुनच्या पोकलेनला बादलीच्या जागी खांब ठोकायचा हातोडा बसवलेला होता. मशीन लोखंडी खांब उचलायचं, उभा धरायचं आणि धडाधड जमिनीत घालायचं. खड्डा नाही, सिमेंट नाही. मात्र मिथुनला एकच दिवस मोकळा होता. दुसऱ्या दिवशी मशीन अंबडला जाणार होतं.

"एका दिवसात शेत बंद करतो, काका," मिथुन म्हणाला. "रात्री बिनघोर घरी झोपा."

ते ऐकूनच बद्रीनाथला जांभई आली.

ठरल्या दिवशी सकाळी खांबांची ट्रॉली आली आणि मागून मशीनही आलं. शेताकडे जाणारी गाडीवाट अरुंद होती. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला अप्पाराव गुरुजींच्या शेताचा दगडी बांध. मशीन त्या वाटेने रमतगमत निघालं, आणि निम्म्या वाटेत बद्रीनाथची बायको तुळजाबाई पूजेचं ताट घेऊन आडवी आली.

"थांबव ते! मुहूर्त चालला!"

"काकू, शेत आणखी म्होरं हाय. तिथं करू की पूजा," मिथुन वरून ओरडला.

"तवर मुहूर्त थांबन का? राधेश्याम महाराजांनी बराबर टाइम दिलाय. हितंच एक खांब उभा कर. नुस्ता मान द्यायचा."

यात तुळजाबाईचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे कुठल्याही कामाचा नारळ फुटतो तेव्हा पाहुणा कुदळ जमिनीला नुसती लावतो, फोटो निघतो आणि कुदळ कोपऱ्यात जाते. काम पुढे सवडीने होतं, किंवा होत नाही. मिथुनने वाटेच्या मधोमध खांब उभा धरला. तुळजाबाईने हळद-कुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला.

"आता मुहूर्ताचा ठोका दे," बद्रीनाथ म्हणाला. "हळूच."

मिथुनने दांडा ओढला. मशीनला मान देण्याची पद्धत ठाऊक नव्हती. धुरळा खाली बसला तेव्हा पुरुषभर उंचीचा खांब कंबरेएवढा उरला होता. हार मात्र शाबूत होता.

"हळूच म्हन्लो होतो ना!"

"काका, हे हळूच होतं."

आता मशीन अलीकडे, शेत पलीकडे आणि मधे खांब. मोटारसायकल बाजूने गेली असती, पोकलेन जाणं शक्य नव्हतं.

"मंग उपट की जल्दी," बद्रीनाथ म्हणाला.

मिथुनने साखळी काढली. तुळजाबाई खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"पुजलेला खांब हाय. असाच उपटता का? गणपती उचलायचा तरी आधी उत्तरपूजा करतेत."

बद्रीनाथने राधेश्याम महाराजांना फोन लावला. महाराज परतूरला लग्न लावायला जीपमध्ये बसले होते. माणूस अडचणीत आहे म्हटल्यावर त्यांनी फोनवरच उत्तरपूजा सुरू केली. तुळजाबाईने स्पीकर चालू करून फोन खांबाला टेकवला. मंत्र चांगला रंगात आला आणि जीप कुठल्याशा उतारात शिरली. फोन बंद झाला तो झालाच.

"झालं का?" मिथुनने विचारलं.

"अर्धं झालं," तुळजाबाई म्हणाली.

"मंग अर्धा उपट!" बद्रीनाथ खेकसला.

मिथुनने साखळी बांधून मशीन मागे घेतलं. खांब तसूभर हलला नाही. साखळी ताणली गेली, करकरली आणि तुटली. तिची एक कडी उडून नेमकी तातेरावच्या मोटारसायकलपुढे पडली. तातेराव हा दोनदा पडलेला सरपंचपदाचा उमेदवार. त्या दिवशी तो सहजच त्या वाटेने चालला होता.

"काय झालं? साखळी तुटली?"

"जुनी होती," मिथुन म्हणाला. "आन् खाली खडक लागला. खांब त्यात फसलाय."

तातेरावने यातलं काहीच ऐकलं नाही. त्याने हार पाहिला, कुंकू पाहिलं, तुटलेली साखळी पाहिली आणि पायातल्या चपला काढल्या. एका माणसाने चपला काढल्या की बाकीच्यांना कारण विचारावं लागत नाही. मागून येणाऱ्या दोघांनीही काढल्या. उन्हं डोक्यावर येईपर्यंत वाटेवर चपलांचा ढीग झाला, खांबाला शेंदूर लागला आणि कुणीतरी त्याचं नाव खांबोबा ठेवलं. एक बाई तर नवस बोलून घरीसुद्धा गेली.

बद्रीनाथ तोवर गुरुजींच्या शेतात पोचला होता. अप्पाराव गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, लिंबाखाली पेपर वाचत बसलेले.

"गुरुजी, तुमचा बांध थोडा पाडू द्या. मशीन तुमच्या रानातून नेतो. संध्याकाळच्या आत दगडं परत रचून देतो."

"पाड की. मला बिलकुल अडचन न्हाई," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. "तुझा भुईमूग संपला की डुकरं माझ्याकडंच येनार हायेत."

इतकं सरळ उत्तर बद्रीनाथला त्या दिवशी पहिल्यांदाच मिळालं होतं. तो आनंदाने पळत परत आला. वाटेवर मशीनचा धडधडाट चालू होता. खांबोबाच्या चारही बाजूंनी मिथुन बद्रीनाथचेच खांब ठोकत होता.

"आरं, हे काय करून राह्यला?"

"तुमीच ठोकाया सांगितलं, असं हे म्हन्ले." मिथुनने तातेरावकडे बोट दाखवलं.

"बद्रीभाऊ, तुमी पयले मानकरी!" असं म्हणत तातेरावने बद्रीनाथच्या गळ्यात हार घातला. "देवाला गाडी धडकली तर? कठडा नको का? दोन-चार खांब द्या देवाच्या नावानं."

बद्रीनाथच्या गळ्यात याआधी फक्त लग्नात हार पडला होता, तोही घाईत. लोक टाळ्या वाजवत होते. तुळजाबाई डोळे भरून बघत होती.

"घ्या दोन-चार," तो म्हणाला, आणि घात झाला.

कठड्यानंतर दर्शनाच्या रांगेचा प्रश्न निघाला. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. उद्या गर्दी वाढली तर रांगेला वळणं हवीत. बद्रीनाथ "बास, बास" म्हणत होता, पण मशीनपुढे त्याचं ऐकू कुणाला येणार? दिवस मावळायला ट्रॉली रिकामी झाली. मिथुनने मशीन रस्त्यावर उभ्या ट्रेलरवर चढवलं.

"काका, काम एक नंबर झालं. एक खांब वाकडा न्हाई," तो म्हणाला आणि अंबडला निघून गेला.

पेपर काखेत मारून गुरुजी आले. त्यांनी कठडा पाहिला, रांगांची वळणं पाहिली आणि पलीकडचा उघडा भुईमूगही पाहिला.

"कुंपन झकास झालं, बद्रीनाथ. फक्त शेत तेवढं भायेर राह्यलं."

बद्रीनाथला खरोखर रडू आलं. त्याला देव नको होता, मान नको होता, एक रात्र घरची खाट हवी होती. नाक पुसत त्याने डबा आणि काठी उचलली आणि तो शेताकडे वळला. तेवढ्यात तातेरावने त्याचा हात धरला.

"मानकरी कुठं निघाले? आज भजन हाय. आठ दिवस हाय, उजाडेपर्यंत!"

हॅलोजनचे दिवे लागले, कर्णे चढले. तातेरावला निवडणुकीत सापडला नव्हता तो आवाज भजनात सापडला. त्या आवाजाने गावातली कुत्री गाव सोडून गेली, मग रानडुकरांची काय कथा! दुसऱ्या दिवशी सकाळी भुईमुगात एकही खूर उमटलेला नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. गाव म्हणालं, खांबोबाची कृपा. गुरुजी म्हणाले, कर्ण्याची.

चौथ्या रात्री भजन ऐन भरात असताना राधेश्याम महाराजांचा फोन आला.

"बद्रीनाथ, तुमची ती उत्तरपूजा अर्धी राह्यली बगा. लगीनसराईत ध्यानातच राह्यलं न्हाई. आत्ता करून टाकू का? मंग खांब खुशाल उपटा."

बद्रीनाथने दिव्यांच्या उजेडात शेवटच्या ओळीपर्यंत सलग उभा असलेला भुईमूग पाहिला.

"ऱ्हाऊ द्या महाराज," तो घाईने म्हणाला. "भुईमूग घरी येईस्तोर तरी त्याला हात लावू नका."

फोन ठेवून तो पुन्हा मानकऱ्याच्या जागी बसला. पहिल्याच दिवशी तातेरावने त्याला टाळ देऊ केला होता, पण त्याचा हात डब्यावर बसलेला. म्हणून तो भजनातही डबाच वाजवत होता, डोळे मिटून, गाढ झोपेत, आणि ठेका कुठेही चुकत नव्हता.