मामाची पिवळी

शशीमामाच्या हातात दुकानदाराने साडी दिली, की तो ती घेऊन रस्त्यावर पळतो. "उजेडात बघतो," एवढं म्हणायचं आणि सुटायचं. डोंबिवलीत एकदा दुकानाचा वॉचमन त्याच्यामागे धावला. कल्याणला दोन सेल्समन धावले. ठाण्यात तर मीच दारात उभा राहून "आमचेच आहेत, येतील परत," असं ओरडत होतो. मामा परत येतोच. पाच-दहा मिनिटांनी येतो, साडी काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "टोन चुकतोय. दुसरी दाखवा."

शशीमामा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. मामा तो माझ्या मुलीचा, ऋचाचा, पण घरात सगळेच त्याला मामा म्हणतात. तोंडावर मी त्याला अहोजाहो करतो, पाठीमागे अरेतुरे. हे लिहिणं पाठीमागेच चाललंय, तेव्हा सवय मोडत नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत तो चौतीस वर्षं शेड मॅचिंगला होता. गिऱ्हाइकाने चिंधी पाठवायची आणि मामाने तिच्याशी तंतोतंत जुळणारा रंग काढून द्यायचा. नाल्याचं पाणी बघून तो सांगायचा, "आज कोणाकडे तरी किरमिजी चाललाय, आणि बॅच बिघडलीय." आमच्याकडचा चहा त्याला कायम अर्धा टोन फिका. ऋचासाठी आलेल्या मुलाचा फोटो दाखवला, तर म्हणाला, "शर्टाचा निळा विटलाय. पण मुलगा पक्का वाटतो."

याच मामाने ऋचाला जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी खिडकीशी नेलं होतं. बाकी सगळे "किती गोरी, किती गोरी" करत होते. हा म्हणाला, "गोरी नाही, पोरगी पिवळी पडतेय." डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर कावीळ निघाली. स्वतःचं लग्न त्याने केलंच नाही. ऋचाच्या प्रत्येक वाढदिवसाला मात्र तिचा फ्रॉक मामाने आणायचा, आणि सोबतची रिबन फ्रॉकला अशी जुळायची की माझी बायको हेव्याने बघत राहायची.

आता त्या ऋचाचं लग्न ठरलं होतं. आमच्यात मुलगी बोहल्यावर उभी राहते ती मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत. तिचं नाव अष्टपुत्री. हल्ली एकाच पुत्रीच्या लग्नात बापाच्या नाकी नऊ येतात, पण नाव तेच चालू आहे. शालू, पैठणी, रिसेप्शनचा घागरा, सगळं दोन रविवारांत उरकलं. अडली ती मामाची पिवळी.

तीन आठवडे आम्ही हिंडत होतो. डोंबिवली झाली, कल्याण झालं, ठाणे झालं. "ही हिरवट मारते." "ही तांबड्यावर जाते." "ही सरळ बिस्किटी आहे." दुकानातल्या पोरी आम्हाला दारात बघूनच पाणी प्यायला जाऊ लागल्या. एका दुकानात तर त्याने एक साडी हिरवट म्हणून परत केली. तासाभराने सेल्समनने तीच पुन्हा काढली, तर ती तांबूस म्हणून परत केली! सेल्समनने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

लग्न दहा दिवसांवर आलं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं, "शुक्रवारी कापड हातात नाही आलं, तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत." त्या बुधवारी आमच्या वर्तकनगरच्या घरात भांडणाला तोंड फुटलं. मामा हॉलमध्ये चहा पीत होता आणि आम्ही स्वयंपाकघरात आवाज दाबून भांडत होतो.

"अहो, आपणच गुपचूप घेऊन येऊ," बायको म्हणाली. "दादाने दिली म्हणून सांगायचं. कोण विचारतंय?"

"अगं आई, चालणारच नाही!" ऋचा उसळली. "मामाने निवडलेली नसेल, तर मी जीन्सवर उभी राहीन."

"राहा!" माझा आवाज चढला. "त्या माणसाला साडी घ्यायचीच नाहीये. मिरवायचंय नुसतं, मला रंग कळतो म्हणून!"

हॉलमध्ये कपबशी वाजली. मामा दारात येऊन उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बहिणीकडे बघितलं. "उद्या घेतो, सुमे," तो म्हणाला. "नक्की घेतो."

गुरुवारी सकाळी आम्ही नौपाड्यातल्या दुकानात होतो. पिवळ्या साड्यांचा ढीग पडला. मामाने एक उचलली, "उजेडात बघतो," म्हणाला आणि गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बायकोने घड्याळाकडे बघितलं. ऋचाचे डोळे भरून आले होते. मी उठलो. आज रस्त्यातच तमाशा झाला तरी चालेल, असं ठरवून बाहेर पडलो.

मामा कोपऱ्यावर फुलवालीसमोर उभा होता. साडीचा पदर त्याने हातावर पसरला होता.

"ताई, हा रंग कुठला म्हणाल तुम्ही?"

"पिवळा की."

"पिवळा, ते झालं. कुठला पिवळा? झेंडूचा की शेवंतीचा?"

"शेवंतीचा," फुलवाली म्हणाली.

"लेमन है अंकल," शेजारचा शहाळेवाला म्हणाला. रिक्षाची वाट बघणारी कॉलेजची एक मुलगी वळली. "नाही काका, मस्टर्ड आहे."

मामाने पदर गोळा केला. "तिघांचे तीन," तो पुटपुटला, आणि दुकानाकडे वळला तर समोर मी.

साडी त्याच्या हातातून निसटली. मी ती वरच्या वर धरली. तीन आठवड्यांचं सगळं एकदम उजेडात आलं. हा दर वेळी बाहेर येऊन अनोळखी माणसांना विचारत होता. त्यांचं एकमत झालं नाही, की साडी नापास.

"मामा, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं. रंग दिसत नाही." तो फुटपाथकडे बघत बोलत होता. "साखरेने डोळे खाल्ले, भावोजी. आधी निळा गेला, मग हा. पिवळं आणि पांढरं आता मला एकच. दोन वर्षं झाली."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? जन्मभर लोकांचे रंग नापास केले मी." मग म्हणाला, "आणि चुकून पांढरी आणली असती तर? लोक बोलतील ते बोलू दे. पण बोहल्यावर पोरीच्या अंगावर मीच पांढरं घातलं, असं व्हायला नको."

आदल्या दिवशी मी काय बोललो होतो ते मला शब्दन्‌शब्द आठवलं. मला स्वतःची लाज वाटली. माफी मागायला हवी होती, पण मेहुण्याची माफी कशी मागतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी साडी उन्हात धरली.

"मी सांगतो," म्हणालो. बायको कपाटातून काढेल तो शर्ट घालणारा माणूस मी. "हापूसचा रस, मामा. दूध घालायच्या आधीचा."

"वरचा की तळाचा?"

"वरचा."

"हिरवट नाही ना मारत?"

"अजिबात नाही."

"आणि काठ?"

"लाल. कुंकवासारखा."

"ओल्या की कोरड्या?"

"मामा!"

"बरं, बरं." त्याने साडी माझ्याकडून घेतली आणि छातीशी धरली. "लग्न होईपर्यंत कोणाला बोलू नका." आत जाऊन त्याने ती काउंटरवर ठेवली आणि ठणकावून म्हणाला, "हीच. टोन बरोबर आहे." ऋचाने सगळ्या दुकानासमोर त्याच्या गळ्यात हात टाकले. ब्लाउजच्या बाईंकडे कापड एक दिवस आधी पोचलं.

लग्नाच्या दिवशी मामा फेटा बांधून खोलीच्या दाराशी उभा होता. मुलीला बोहल्यावर न्यायचं काम त्याचं. दार उघडलं आणि ऋचा बाहेर आली. मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा आणि ती साडी. बायका "अगंबाई" म्हणून थांबल्या. मामा दोन पावलं मागे माझ्याजवळ सरकला आणि समोर बघतच हळू म्हणाला, "भावोजी, सांगा. तिच्या अंगावर कशी दिसतेय?"

मी बघितलं. माझी मुलगी घरातून निघाली होती. बरंच सांगायचं मनात होतं.

"पिवळी आहे, मामा," एवढंच मी कसंबसं म्हणालो.

मामाने माझा दंड धरला.

"नीट बघून सांगा," तो म्हणाला. "मुहूर्ताला अजून सात मिनिटं आहेत."