जाधवकाकांची उदबत्ती

जुलैचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. जागा: इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल. हजर: मी (सेक्रेटरी), देशपांडेबाई (खजिनदार), तिसऱ्या मजल्यावरचे जाधवकाका आणि त्यांची उदबत्ती.

उदबत्ती हजेरीत घ्यावीच लागते. म्हैसुरात उदबत्तीचं कुणाला नवल नाही, पण काका ती देवासाठी लावत नाहीत. कुठंही गेले की आधी एक काडी पेटवतात, धूर कुठं जातो ते पाहतात आणि मगच खुर्ची ओढतात. लग्नात, बँकेत, एकदा तर शोकसभेत. "गाळी बघितल्याबिगर बसायचं नाही, अक्का." गाळी म्हणजे कन्नडमधला वारा. काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठी अशी मिसळीची. मी पुण्याहून आलेली, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी अक्का.

लिफ्टमध्ये कुणी असलं तर काका जिन्यानं चढतात. मास्क उतरवत नाहीत. "साथ गेली, काका," म्हटलं की विचारतात, "तुम्हाला सांगून गेली काय?"

त्या दिवशी विषय एकच होता. जिना झाडणाऱ्या गौरम्माला टीबी निघाला होता. औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. आता कामाला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहूनही दिलं होतं.

"तिनं कठड्याला हात लावला की माझ्या छातीत धडधडतं," देशपांडेबाई म्हणाल्या. "काढून टाका."

मलाही भीती होतीच. मी ठराव लिहायला घेतला.

खिडकीजवळून काका ओरडले, "अय्यो, कठड्यानं नाही हो पसरत! खोकल्याच्या हवेनं पसरतं. आणि औषध घेणाऱ्याला काय भिता? न घेणाऱ्याला भ्या!"

"सगळ्यात भित्रे तर तुम्हीच," बाई हसल्या. दोन विरुद्ध एक, ठराव मंजूर.

बाई गेल्यावर मी खुर्च्या आवरत होते. काडी अजून जळत होती. धूर माझ्या बाजूनं काकांकडे आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून बाहेर जात होता. म्हणजे आमची हवा त्यांच्याकडे जात होती, त्यांची आमच्याकडे येत नव्हती. इतके दिवस मी उलटंच समजत होते, की काका आमच्या हवेला भितात.

"काका, खोकला कधीपासून?"

"युगादीपासून, तुमच्या पाडव्यापासून. परवा स्वल्प रक्त दिसलं. खोकला लागल्यापासून नातीला उचललं नाही."

"आणि तपासणी?"

"माझ्या बहिणीला टीबी झाला होता. औषधानं ती बरी झाली, गल्ली नाही झाली. शेवटपर्यंत तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. बेडा, नको ती तपासणी, अक्का. आज गौरम्माचं नाव लिहिलंत, उद्या माझं लिहाल. तो ठराव खोडा, त्याच दिवशी येतो."

सरकारी दवाखान्याची वेळ मी विचारून ठेवली आहे. सकाळी नऊ, थुंकीची तपासणी फुकट. रिक्षावालाही सांगून ठेवला आहे. पण ठराव रद्द करायला बाईंची सही लागते. तीनदा त्यांच्या दारात गेले. त्या विचारतात, "पण का?" तिन्ही वेळा मी पाणीपट्टीचं काहीतरी विचारून परत आले.

सही अजून घ्यायची आहे. जिन्यात कुणी नसलं की वरून खोकला ऐकू येतो.