मिठाचं आल्टरेशन

जुळवून देता येत नाही अशी वस्तू जगात नाही, असं टेलरचं ठाम मत होतं. भल्याभल्यांच्या ढेऱ्या त्यांनी सदऱ्यांशी जुळवल्या होत्या. त्यामुळे रासायनिक समीकरणं जुळत नाहीत म्हणून बबी मुसमुसत बसलेली पाहून त्यांना हसूच आलं. खरं तर प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. उद्या तिची फेरपरीक्षा होती, आणि तीत आपटली तर पुन्हा त्याच वर्गात बसायचं होतं.

"आण इकडे," टेलर म्हणाले. "बाप कशाला आहे?"

घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. कापायच्या टेबलावर त्यांनीच शिवलेला काळा लोकरी कोट इस्त्री होऊन पडला होता. तो होता बबीची फेरपरीक्षा घेणाऱ्या रसायनशास्त्राच्या सरांचा, आणि सर संध्याकाळी न्यायला येणार होते. टेलरनी तो जरा सरकवला आणि वही मांडली.

Na₂CO₃ + CaCl₂ → CaCO₃ + NaCl

"धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड," बबी नाक ओढत म्हणाली. "त्यातून खडू आणि मीठ. पण डावीकडे सोडियम दोन, क्लोरीन दोन. उजवीकडे एकेकच."

"एवढंच ना? मीठ घट्ट होतंय. दोन्हीकडून सैल करू." आणि त्यांनी खडूने झोकात Na₂Cl₂ करून टाकलं.

"बाबा, असं मीठच नसतं. आतले आकडे बदलायचे नाहीत, असं सर सांगतात."

"सरांनी कधी सुई धरली आहे का? शिलाईत दुमडलेलं कापड आतूनच सोडायचं असतं. थांब, प्रत्यक्षच बघू."

कपाटातली ओल शोषणाऱ्या डब्यात कॅल्शियम क्लोराइडच होतं, पाणी पिऊन पातळ झालेलं. टेलरनी एका पेल्यात पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला आणि ते त्यात ओतलं. पाणी दुधासारखं पांढरंफेक झालं. टेलर इतके खूश झाले की छाती काढून ताठ उभे राहिले. गळ्यातली टेप पेल्याला गुंडाळली गेली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते उठले, पेलाही उठला, आणि सगळं दूध सरांच्या डाव्या बाहीवर!

"मेलो," टेलर म्हणाले. फडक्याने पुसायला गेले तर खडू लोकरीत आणखी मुरला.

बबीने धावत जाऊन व्हिनेगरची बाटली आणली. बाहीवर फेस आला, बुडबुडे फसफसले आणि पांढरं हळूहळू विरलं. टेलरचा जीव भांड्यात पडला. आता वाळवायला हवी म्हणून त्यांनी पाण्याने पुसून, इस्त्री सणसणीत तापवून ओल्या बाहीवर दाबून धरली.

नेमके तेव्हाच सर दारात आले.

"व्हिनेगरचा वास कसला?"

आता कोटाचा राग पोरीवर निघणार, म्हणून टेलर टेबलासमोर आडवे उभे राहिले. बबी मात्र बोलली. "सर, कोटावर खडू तयार झाला होता. एका खडूला दोन व्हिनेगर लागलं. कॅल्शियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड झालं."

"आणि खडू कसा तयार झाला?"

"सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडमधून. मीठसुद्धा झालं." तिने वहीत 2NaCl लिहिलं. "मिठाच्या बाहेर दोन. आत काही नाही."

सरांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कोट चढवला. उजवी बाही मनगटावर बसली. डावी आकसून कोपराकडे निघाली होती.

"आतून सोडतो सर, पाच मिनिटांत," टेलर घाईने म्हणाले. त्यांनी सरांच्या हातातून डावी बाही काढून उलटी केली. कापड वाचवायच्या हुशारीत शिलाईच्या आत त्यांनी दोराभरही जादा ठेवलं नव्हतं.

"बाबा," बबी हळूच म्हणाली, "आतलं बदलता येत नाही. बाहेर दोन लिहायचं. म्हणजे अख्खा दुसरा कोट."

सर पहिल्यांदा हसले. अर्धा कोट अंगात तसाच ठेवून ते दाराकडे वळले.

"बबी, उद्या यायची गरज नाही, तू पास. टेलर, तुमची फेरपरीक्षा सोमवारी. नव्या कोटाच्या दोन्ही बाह्या सारख्या हव्यात."