अळणीचा वस्तुपाठ

शाळा तपासायला आलेल्या डिपोटीसाहेबांनी फळ्यावर 'अळणी' असा शब्द लिहिला आणि शालिग्राम गुरुजींकडे वळून म्हणाले, "अर्थ, उगम आणि वस्तुपाठ. मुलांना प्रत्यक्ष चव दाखवून शिकवा."

वरवट बकालच्या शाळेत गुरुजी तीन वर्षं हंगामी होते. आज शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शब्द सोपा निघाल्याने त्यांचा जीव भांड्यात पडला. "लवण म्हंजे मीठ. ते ज्याच्यात नाही, ते अलवण. त्याचंच झालं अळणी!" त्यांनी ठणकावून सांगितलं आणि शेजारच्याच आपल्या घरून बिनमिठाच्या ज्वारीच्या कण्या मागवल्या.

पोरांनी चाखल्या. "कशा लागल्या बे?"

"रोजच्यासारख्याच खारट, गुरुजी!"

साहेबांनी बोटावर घेऊन चाखल्या आणि तोंड वाकडं केलं. "यात मीठ आहे."

"नाही जी! आईची आन!"

गुरुजींच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, हाक गेली. "काऊन व, मीठ टाकलं काय?"

"मिठाले हात लावला असन तं हात झडो माह्या!"

मग शाळेच्या अंगणातच चूल मांडून साहेबांच्या डोळ्यांदेखत कण्या पुन्हा शिजवल्या. साहेबांनी पातेलं हुंगलं, पळी चाटून पाहिली. कण्या खारटच! आपण सांगितलेला उगमच चुकला की काय, अशी गुरुजींना शंका येऊ लागली.

"मीठ पाण्यात हाय जी," सत्यभामाबाई शेवटी म्हणाल्या. "इथल्या समद्या विहिरी खाऱ्या. लगन होऊन आली तवापासून सांगून राह्यली, पण यायले पटतच नाही. इथंच जलमले न!"

साहेबांनी बुलढाण्याहून आणलेली आपली पाण्याची सुरई पुढे केली. तिसऱ्यांदा कण्या शिजल्या. पोरांनी चाखल्या आणि थुंकून टाकल्या.

"गुरुजी, याले तं काहीच चव नाही!"

"हेच ते अळणी!" साहेब आनंदाने ओरडले. गुरुजींनीही एक घास घेतला. इतकी वर्षं शिकवलेला शब्द त्यांनी आज पहिल्यांदा चाखला आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही.

साहेबांनी शेरा लिहिला: 'गुरुजींस शब्दाचा उगम उत्तम ठाऊक आहे. चव आजच कळली. नोकरीत कायम करावे. चवीच्या सरावासाठी गोड्या पाण्याच्या गावी, देऊळघाटास, बदली करावी.'

गुरुजींनी शेरा दोनदा वाचला. हे बक्षीस की शिक्षा, त्यांना काही केल्या उमगेना.

"काय व, हासू का रडू?"

"तुमी ठरवा निवांत," सत्यभामाबाई पदर खोचत म्हणाल्या. "मी बांधाबांध करायले जाऊन राह्यली."