विटेतली तपकिरी झाक

वाचनालयाच्या इमारतीचं चित्र साहेबांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा त्यावर एकच शेरा होता : वीट प्लॅस्टिकची दिसते.

शेरा खरा होता. वास्तुरचनाकारांच्या त्या कचेरीत ती नऊ वर्षं संगणकावर इमारती उभ्या करत होती. सगळे तिला चित्रताई म्हणत. नकाशा साहेबांचा, पण तो लोकांच्या डोळ्यांना इमारत वाटावा, ही जबाबदारी चित्रताईची. या वेळी भिंती होत्या क्रीम रंगाच्या, ग्लेझ चढवलेल्या चकचकीत विटांच्या. अशा विटेचं टेक्स्चर, म्हणजे संगणकातल्या कोऱ्या भिंतीवर चढवायचा विटांचा फोटो, तयार मिळत होतं. पण त्यातली प्रत्येक वीट शेजारणीची जुळी बहीण होती. चमक सगळीकडे सारखी, सांधे सारखे. भिंत नव्हे, साबणाच्या वड्यांचं दुकान.

"चित्रताई, गुरुवारी वाचनालय समिती बसतेय," साहेब म्हणाले. "चित्र पडलं तर काम दुसऱ्या कचेरीकडे जाईल. मग हे टेबल ठेवून मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

टेबल म्हणजे टेबलामागची बाई, हे तिला कळलं. त्या टेबलावर तिचं घर चालत होतं.

उपाय घरातच होता. तिचे बाबा वीट कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर होते. तपासनीस ज्या विटा नापास करत, त्यांतल्या काही निवृत्त होताना त्यांनी मागून आणल्या आणि स्वयंपाकघरात शेगडीमागे स्वतः लावल्या. आई म्हणायची, "नापासांची शाळा भरवलीय माझ्या डोक्यावर." पण त्या विटा खऱ्या होत्या. एक किंचित वाकडी, एकीचा कोपरा जाड, एकीवर ग्लेझ ओघळलेलं.

चकचकीत वस्तूचा फोटो काढायचा तर आधी त्या वस्तूला समोर काय दिसतंय ते बघावं, हा या धंद्यातला पहिला धडा. तिने तो तंतोतंत पाळला. भांडी हलवली, खिडकीवर चादर टांगली, फ्रिजला पांढरा कागद चिकटवला. स्वतः पांढरा सदरा घातला. आईला बाहेर बसवलं. प्रकाश मऊ पडावा म्हणून कागद गुंडाळलेला दिवा बाबांच्या हातात देऊन त्यांना आपल्या मागे उभं केलं.

"हलू नका, बाबा."

"भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस आहे मी. हलतोय कुठला?"

आणि खरोखरच चाळीस मिनिटं ते हलले नाहीत.

त्या फोटोंतून तिने सोळा विटा कापून घेतल्या. भिंतीवर चढवताना त्यांचा क्रम विस्कटला, निम्म्या उलट्या फिरवल्या, म्हणजे एकच वीट पुन्हा पुन्हा आली तरी डोळ्याला कळू नये. काही विटांत अधूनमधून तपकिरी झाक दिसत होती. नापास विटा, भट्टीत कुठे जास्त भाजल्या असतील, असं तिने धरलं. साहेबांनी चित्र बघितलं आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"ही वीट आहे," ते म्हणाले.

समितीत पाच जण होते. अध्यक्षबाई शाळांच्या निवृत्त निरीक्षक. कुणी शाबासकी मागू नये अशा बेताने बघायची त्यांची सवय निवृत्त झालेली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, चित्राजवळ गेल्या आणि तपकिरी झाकेवर बोट ठेवलं.

"ही. हिच्यामुळे भिंत जिवंत वाटते. बाकी सगळं कुठेही बघायला मिळतं."

ठराव झाला. वीट चित्राबरहुकूम, तपकिरी झाकेसह असावी. जागेवर नमुन्याची भिंत उभारावी. ती पंधरा दिवसांत मान्य न झाल्यास काम दुसऱ्या कचेरीस द्यावं. पाच सह्या झाल्या.

बाबांच्याच जुन्या कारखान्याने पहिला नमुना पाठवला. अध्यक्षबाईंनी लिहिलं : झाक नाही. दुसऱ्यावर लिहिलं : झाक आहे, पण मळकट. तिसऱ्यावर नुसतंच : वीट आजारी दिसते. दहाव्या दिवशी कारखान्याच्या फोरमनचा फोन आला.

"ताई, हात टेकले मी. तुमच्या बाबांच्या हाताखाली शिकलो, पण असा रंग जन्मात पाहिला नाही. त्यांनाच विचारा ना, भट्टीत काय घातलं होतं?"

तिने विचारलं. बाबांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं. हे चांगलं लक्षण नव्हतं.

"झाक? माझ्या विटेत?"

"चित्रात आहे, बाबा."

"माझ्या विटा नापास झाल्या त्या मापात. रंगात एकही नाही. विचार कुणालाही."

दोघं स्वयंपाकघरात गेले. शेगडीमागची भिंत क्रीम होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रीम.

"तू घासून काढलीस काय गं?" बाबांनी आईला विचारलं.

"रोजच घासते. झाक असलीच तर तेलाची असेल. ती बरी सापडली तुमच्या समितीला!"

बाबा तसेच संगणकापुढे येऊन बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक पडद्याला लावलं.

"मोठं कर."

तिने मोठं केलं.

"भट्टीतला रंग असा थांबत नाही. पसरतो, विरत जातो. याला खाली सरळ कड आहे बघ. अजून मोठं कर."

अजून मोठं केलं. तपकिरी पट्ट्यात एक गोल ठिपका दिसू लागला. त्याला चार भोकं होती आणि भोकांतून निळा दोरा गेलेला होता.

बाबांनी सावकाश मान खाली घातली आणि आपल्या पोटाकडे बघितलं. घरात बारमाही अंगावर असणाऱ्या तपकिरी स्वेटरचं दुसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

"म्हणजे समितीने मला पास केलंय," बाबा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. पहिला धडा तिने सगळ्या घराला लावला होता. दिवा धरणारा माणूस तेवढा राहिला, आणि चकचकीत विटांत तोच उमटला. वाचनालयाच्या तीन मजल्यांवर तिचे बाबा सहाशे ठिकाणी उभे होते, त्यांतले निम्मे डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. नमुन्याच्या भिंतीला बिनझाकेची चकचकीत क्रीम वीट लावू. पाहणीला बाबांना आणा. स्वेटरसकट."

"साहेब, ही फसवणूक आहे."

"ताई, पाहणीला कुणी आपले वडील आणले तर त्याला फसवणूक म्हणत नाहीत."

पंधराव्या दिवशी समिती जागेवर आली. ऊन रणरणत होतं. नमुन्याची भिंत पुरुषभर उंच होती आणि तिच्यापुढे चार पावलांवर, उन्हाशी आपला काही संबंध नसल्यासारखे, बाबा स्वेटर घालून उभे होते. अध्यक्षबाई मागून आल्या. त्यांनी एका हातात चित्र धरलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे.

"आली," त्या म्हणाल्या. "हीच ती झाक."

साहेबांनी श्वास सोडला.

"आजोबा, जरा बाजूला होता का? भिंत पूर्ण बघू दे."

बाबा बाजूला झाले.

"गेली," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाबा न सांगता परत जागेवर आले.

"आली."

साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. बाबांच्या कानामागून घामाचा ओघळ निघून कॉलरमध्ये शिरत होता. तो बघितला आणि चित्रताईला राहवलं नाही.

"बाई, झाक विटेची नाही. स्वेटरची आहे. फोटो काढताना हे माझ्या मागे उभे होते. हे माझे बाबा. चूक माझी."

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग चारही सदस्यांकडे.

"या झाकेवर आपल्या पाच जणांच्या सह्या आहेत," त्या म्हणाल्या. "ठराव मागे घ्यायचा तर आपण स्वेटर मंजूर केला होता, असं इतिवृत्तात लिहावं लागेल. कुणाची तयारी आहे?"

एक सदस्य आकाशाकडे बघू लागले. दुसऱ्यांनी रुमाल काढला.

"इमारतीसमोर काय आहे?"

"गोदाम आहे, बाई," साहेब घाईने म्हणाले. "वाचनालयाच्याच मालकीचं. पांढरी भिंत."

"विटेला समोरचं दिसतं, असंच ना? मग गोदाम तपकिरी रंगवा. झाक येईल. ठराव पाळला जाईल."

हे इतकं सरळ होतं की कुणालाच हरकत सुचली नाही. नमुना मान्य झाला. गोदामाच्या भिंतीचं चित्र चित्रताईंनीच करावं, असंही ठरलं. "आणि या वेळी मागे कुणी उभं नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. टेबल वाचलं.

एवढ्यात रुमालवाले सदस्य म्हणाले, "तपकिरी म्हणजे नेमका कुठला तपकिरी?"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या.

स्वेटर पाकिटात गेला. पाकिटाला लाख लागली, लाखेशेजारी पाच सह्या झाल्या. इमारत पूर्ण होईपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, तो समितीच्या कपाटात राहणार होता. बाबांना पोच मिळाली : स्वेटर, एक नग, तपकिरी, जुना. नमुना म्हणून मंजूर.

घरी येईपर्यंत बाबांनी ती पोच चार वेळा वाचली. आईने दार उघडलं, त्यांना नुसत्या सदऱ्यात बघितलं आणि थबकली. घडलेलं सगळं तिने उभ्याउभ्या ऐकून घेतलं.

"एकतीस वर्षं विटा काढल्या," बाबा म्हणाले. "तपासनीस यायचा, खडूने फुली मारायची असेल तिथे मारायचा आणि निघून जायचा. मंजूर असं लिहून कुणी कधी कागद हातात दिला नाही. आज दिला."

चित्रताईने नजर दुसरीकडे वळवली. आईने पदराला हात पुसले, कागद घेतला आणि खिडकीपाशी नेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"स्वेटर मंजूर झालाय," ती म्हणाली.

"हो."

"विणला कुणी होता?"

आईने पोचेची नीट चौघडी केली आणि आपल्या कपाटात, आपल्या कागदांत ठेवून दिली.